तिसरं पाणी

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या अलीकडे शेताच्या कडेला आमची शेड आहे. कारखान्यांत वापरून निकामी झालेले उत्प्रेरक तिथे पोत्यांनी येतात. दिसायला वाटाण्याएवढे करडे दाणे. त्यांना चिकटलेलं प्लॅटिनम, पॅलेडियम आम्ही आम्लात उतरवून घेतो. भट्टी नाही, धूर नाही. दारावर हिरवी पाटी, ‘पर्यावरणस्नेही’. उरलेले दाणे धुणं माझ्याकडे होतं. नियम तीन पाण्यांचा, आणि शेवटी लिटमसचा कागद लावून आम्ल गेलं की नाही ते बघायचं.

आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्याकडे तांब्याभर पाणी सांडलं तरी बोलणी बसत. भर उन्हाळ्यात एवढं पाणी धुण्यात घालवताना माझा जीव तुटायचा. मग काय, मी मोठा शहाणा! तिसरं पाणी बंदच केलं, कागदही बंद. दाणे तर स्वच्छ दिसत होते. पाणी वाचवलं म्हणून साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, आणि मी फुगलो.

बाबा गावतलावाची पाळ आणि पाणी सोडायचं दार सांभाळत. एकदा शेडवर आले, दाण्यांचा ढीग पाहिला.

“कायले फेकून राहिले रे हे? दारापाशी पाळीले भगदाड पडलं हाय, बुजते ना यानं. धुतलेलं हाय ना?”

“हाय ना बाबा,” मी म्हणालो. जीभ कशी झडली नाही!

ट्रॉलीभर दाणे त्यांनी स्वतः ठोकून बसवले. पावसात तलाव भरला, तिथूनच पाणी झिरपून खालच्या बांध्यांत, भाताच्या वाफ्यांत उतरलं आणि चार घरांचे भाताचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, पिवळे पडून बसले. ऐन रोवणीच्या तोंडावर.

गाव पाळीवर जमलं. कोणीतरी सरळ माझ्याकडे बोट केलं, “याच्याच कंपनीचा माल हाय.” आता सांगावं, असं खरंच वाटलं.

बाबा मध्ये आले. “माह्या पोरानं धुतलं म्हटलं, म्हणजे धुतलंच. तो खोटा नाही बोलत. मीच काहीतरी चुकलो असन.”

लोकांनी दाराची चावी मागितली. बाबांनी कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या चावीची गाठ सोडायला घेतली. गाठ लवकर सुटेना. मी बाजूलाच उभा होतो. पुढे होऊन ती सोडवून दिली. तेवढंच केलं मी.