रजयांच्या खोलीतली खरखर

नागपूरचा मे महिना, दुपारचे बारा, आणि मी रजया पांघरल्यासारखी उभी. पांघरल्या नव्हत्या, तीन बाजूंनी टांगल्या होत्या. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी ताणून तिच्यावर घरातल्या सगळ्या रजया टाकलेल्या, मध्ये माइक, आणि माइकसमोर मी. पंखा बंद, कूलर बंद. रजयांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. घामाचं मला काही वाटत नव्हतं. मला भीती वेगळीच होती.

हे घर कोराडीच्या पॉवरहाऊस कॉलनीतलं, दोन खोल्यांचं क्वार्टर. घरधनी पॉवरहाऊसमध्ये इलेक्ट्रिशियन. सुट्टीच्या दिवशी ते पुढच्या खोलीत लोकांची गाणी टेप करून द्यायचे. गायकासाठी वेगळी काचेची खोली वगैरे असते हे त्यांनी फोटोत पाहिलं होतं, आम्ही तेही नाही. त्यांना मी भाऊ म्हणायचे, त्यांच्या बायकोला वहिनी. माझा सख्खा भाऊ, म्हणजे दादा, रजईच्या पलीकडे पेटी घेऊन बसला होता. आमची पहिली कॅसेट भरायची होती. आठ गाणी. सीताबर्डीच्या एका कॅसेटवाल्याच्या दुकानात दोन वर्षं खेटे घालून दादाने त्याला राजी केलं होतं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या सगळ्या वस्तीला सांगूनही टाकलं होतं. दादाच्या पोटात काही राहत नाही. माझ्या पोटात मात्र तीन आठवड्यांपासून एक गोष्ट बसलेली होती.

नागपुरात सदरला बसणाऱ्या घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं होतं. स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाले, ज्वारीच्या दाण्याएवढी. सहा महिने गायचं नाही, बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. मी विचारलं, आणि गायले तर? ते चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, तर मग बोलायलाही आवाज उरेल याची खात्री देत नाही. ती चिठ्ठी मी घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि तिथून थेट तालमीला गेले.

वेडेपणा म्हणा. पण माझं त्या वस्तीत दुसरं काय होतं? आठवीत शाळा सुटली, लग्न टिकलं नाही, रंगरूप बेताचं. तेराव्या वर्षापासून जयंतीच्या कार्यक्रमांत गायले म्हणून लोक मला ओळखत. माझं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, 'ते गाणारी' म्हणायचे, आमच्याकडे बाईलाही 'ते'च. गाणंच गेलं तर मागे 'ते' तेवढं उरणार होतं. म्हणून मी गप्प राहिले. गप्प राहायचंच होतं, पण चुकीच्या बाबतीत राहिले.

पहिलं गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत बिचकले. आमचं गाणं उघड्यावरचं. कडुलिंबाला दोन भोंगे बांधलेले, समोर माणसांचा समुद्र, आणि गायलेली ओळ वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला आपटून परत यायची. ती परत आली की मला कळायचं, आवाज जागेवर आहे. इथे रजयांनी सगळं गिळून टाकलं. तोंडातून शब्द निघाला की तो गेलाच. मला वाटलं, डॉक्टर म्हणाले ते आत्ताच झालं.

कसंबसं गाणं संपवलं. भाऊंनी टेप मागे नेली, कानाला हेडफोन लावला आणि ऐकू लागले. ऐकता ऐकता त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "ताई, काहीतरी खरखर येऊन राहिली."

दादा उठून आला. "कायची खरखर?"

"तेच पाहू. घरातलं काहीतरी आहे."

मला हेडफोन दिला. माझ्याच आवाजाच्या खालून कुणीतरी वाळूवर पाय घासत चालल्यासारखं येत होतं. वरच्या सुरात जास्त, खालच्या सुरात कमी. ते काय आहे हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, असं मला वाटलं.

"बांगड्या काढता का जरा?" भाऊ म्हणाले. मी हिरव्या बांगड्या एकेक करून काढल्या. तेवढ्यात वहिनींनी कोमट पाणी आणून दिलं. पाच-सात मिनिटं अशी गेली. पुन्हा गायले. पुन्हा खरखर.

मग ट्यूबलाइट घूं करते म्हणून ती बंद केली आणि पिवळा बल्ब लावला. मोरीतला नळ ठिबकत होता, त्याला फडकं बांधलं. बाहेरून कोळशाचे ट्रक जायचे तेव्हा थांबून राहायचो. दादाला तर चेवच चढला. खुर्ची करकरते म्हणून तो जमिनीवर बसला, शर्टाच्या खिशातल्या किल्ल्या काढून शेजारी ठेवून आला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी थांबेल. देवाधर्माशी आमच्या घराने कधीच फारकत घेतली होती, तरी मी मनातल्या मनात हात जोडत होते, की खरखर नळातच निघू दे, खुर्चीतच निघू दे. आणि प्रत्येक वेळी ती होतीच. उलट वाढत होती.

मग भाऊंनी भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ उतरवलं. झोपलेलं मूल उचलावं तसं ते टॉवेलात गुंडाळलं आणि आत नेऊन ठेवलं. "याची टिकटिक असन," म्हणाले. "ताई, तुम्ही दहा मिनिटं बसा आत. बोलू नका, नुसत्या बसा."

मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी टॉवेलातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "याले काहून आणलं इकडे? हे तर होळीपासून बंद आहे."

म्हणजे भाऊंना माहीत होतं. पहिल्या ऐकण्यातच कळलं होतं. बांगड्या, नळ, घड्याळ ही सगळी नाटकं माझ्यासाठी होती. माझ्या घशाला पाच-दहा मिनिटं विसावा मिळावा, आणि मी आपण होऊन सांगावं म्हणून. त्यांचे उपकार मानायचं सोडून मला त्यांची धडकी भरली. जोवर एकटीला ठाऊक होतं तोवर ते खोटं असू शकत होतं. आता दुसऱ्या माणसाच्या कानांनीही ते ऐकलं होतं. तो माणूस बाहेर जाऊन दादाला एका वाक्यात सांगून टाकेल, आणि माझा खेळ खलास.

त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेर आले तेव्हा दादा अजून गुडघ्यावर बसून खाटेखाली काहीतरी शोधत होता. ते पाहून मला त्याची दया आली आणि रागही आला. चाळीशीतला माणूस, खाटेखाली माझ्या घशातली गाठ शोधत होता.

"आता पेटी राहिली," भाऊ म्हणाले.

"माह्या पेटीचा भाता नवा आहे गा!" दादा बिथरला.

"असू दे. एक ओळ नुसती गाऊ द्या त्यायले. पेटी नको, काहीच नको."

मी रजयांमध्ये उभी राहिले. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दूर पॉवरहाऊसची घरघर तेवढी जमिनीतून येत होती. मी ओळ उचलली. वरच्या सुरावर आवाज मधोमध फाटला, अर्धा तिकडे, अर्धा इकडे. आता हेडफोनची गरजच नव्हती. दादानेही ऐकलं.

भाऊंनी टेप थांबवली. माझ्याकडे न बघता, बटणावर बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "पॉवरहाऊस तर मी बंद करू शकत नाही ताई. घरातलं बंद कराले आता काही उरलं नाही."

मी पर्समधली चिठ्ठी काढून दादाच्या हातात दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो ती उलटीसुलटी करत राहिला, म्हणून मलाच तोंडाने सांगावं लागलं. गाठ, सहा महिने, आवाज जाईल. एवढे शब्दसुद्धा नीट फुटले नाहीत.

"काहून नाही सांगतलं वं?" तो म्हणाला.

"भेव वाटलं."

दादाने पेटीचा भाता बंद केला आणि कडी लावली. वहिनींनी आतून येऊन पंखा लावला, कूलर लावला. रजया हलायला लागल्या.

सहा महिने मी भाचीच्या पाटीवर लिहून बोलले. गाठीपेक्षा ती शांतता वाईट होती. रोज सकाळी जाग आली की वाटायचं, हळूच एक सूर लावून पाहावं, आहे की नाही. लावला नाही. हिंमतच झाली नाही. पुढे डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, मग गुणगुणायची, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गायची. गाठ गेली म्हणाले. माझा विश्वास बसला नाही.

पुन्हा तेच क्वार्टर, त्याच रजया. कॅसेटवाला तेवढा थांबला होता, यात दादाची जीभ कामी आली. भाऊ उठून कूलरचं बटण बंद करायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या भाऊ. कूलर चालू राहू द्या."

"टेपमध्ये घरघर येईल ताई."

"येऊ द्या."

खरखर आलीच, तर दोष द्यायला घरात काहीतरी चालू असावं, एवढंच मला हवं होतं. हे मी बोलले नाही. भाऊंनी मात्र बटणावरचा हात काढून घेतला. दादा काही म्हणणार होता, त्याला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

मी गायले. भाऊंनी टेप मागे नेली, हेडफोन लावला. ऐकता ऐकता एकदा माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"काय आहे?" मी विचारलं.

"कूलर आहे," ते म्हणाले. "दुसरं काही नाही."

कॅसेट निघाली, वस्तीत वाजली, मी पुढे बरीच वर्षं गायले. भाऊ खरं बोलले की घड्याळासारखंच बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ती कॅसेट अजून माझ्याजवळ आहे. कधीमधी लावते. लावण्याआधी उठून पंखा सुरू करते, हिवाळा असला तरी.