नात्याचा रकाना

एंडोस्कोपीला भूल देणार होते, त्यामुळे सोबत कुणीतरी हवंच असं हॉस्पिटलनं बजावलं होतं. आठ वर्षं बंगळूरमध्ये काढून मला एकही नाव सुचेना. शेवटी ॲपवरून तासाच्या भाड्यानं माणूस मागवला.

व्हाइटफील्डला हॉस्पिटलच्या गेटवर तो माझ्याआधी येऊन उभा होता. पन्नाशीचा, बेळगावकडचा. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यानं मला न विचारताच 'भाऊ' लिहिलं. "मित्र लिहिलं की लई प्रश्न विचारतात, सर." बसल्या बसल्या तो सारखा उजव्या बरगडीखाली तळवा दाबत होता.

भूल उतरली तेव्हा माझा हात त्याच्या हातात होता. मी अवघडलो.

"झोपेत तुम्हीच धरलासा," तो म्हणाला. "सोडू काय?"

मी हात काढून घेतला.

परतताना कॅबमध्ये त्याचा तळवा पुन्हा बरगडीखाली गेला. मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत का?"

"गेलतो की. तपासणीला भूल देणार म्हणाले, सोबत कोण विचारले. परत आलो." तो हसला. "रोज कुणाचा तरी भाऊ होऊन तिथंच बसतोय बघा."

'मी येतो' एवढंच म्हणायचं होतं. बेळ्ळंदूरला माझ्या घरापर्यंत ट्रॅफिकमध्ये चांगला तासभर मिळाला होता.

घरी आल्यावर मी त्याला पाच स्टार दिले. काय आवडलं, या प्रश्नाखाली 'वेळेवर आला' निवडलं.