बारावी विहीर

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. होऊन पुसदजवळच्या बंजारा तांड्यावर मास्तर झालो, तेव्हा ती ऐट अंगात होतीच. शाळेशेजारी नव्वदीपुढचे एक म्हातारे राहत. पोरपणी ते बापासोबत बैलांवर मीठ लादून दूरवर गेलेले. रोज सकाळी डोळे मिटून ते त्या वाटेवरच्या एकोणीस विहिरी क्रमानं म्हणत. एक विहीर चुकली की माणसं-बैल सारेच तहानेले राहायचे, म्हणून बापानं त्या पाठ करून घेतल्या होत्या.

"आता कायले म्हणता, बाबा? आता तं त्या वाटेनं मोटर जाते."

"डोकं जागेवर हाय का, ते पाहतो. तू वहीत लिहून घे, मास्तर. चुकलो का टोक."

वर्षभर टोकायची वेळ आली नाही. मग एका सकाळी बारावी विहीर राहिली. मी वहीकडे पाहिलं, त्यांच्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काल बारावी सोडली मी. काहून नाही टोकलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं घडीभर. पण आता मले कसं समजावं? वर्षभर मी चुकलोच नाही, का तुले दया येत होती?"

मी वही पुढे केली. त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यांनी बारावी विहीर मुद्दाम सोडली होती का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी पहिल्या विहिरीपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी डोळे उघडे ठेवून, माझ्या तोंडाकडे पाहत.