एक्केचाळीस आणि अठ्ठावन्न

काच कानानं कापायची असते. कटर ओढला की एकसारखा सर्र आवाज यायला हवा. तो मधेच जरा जरी अडखळला, की काच तिथं वाकडी फुटणार म्हणजे फुटणार. बाकीचे कारागीर फुटल्यावर हळहळतात, काचमास्तर आधीच हात थांबवतो. नववीत शाळा सुटली त्याची, पण चौतीस वर्षांत त्याच्या हातून वाया गेलेल्या काचा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात, आणि त्यातल्याही तीन दुकानमालकाचा धक्का लागून गेल्या. असा कान अख्ख्या बाजारात दुसरा नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं खिडकीचं माप घेऊन जावं आणि स्वतः बघावं.

अशा कानाच्या माणसानं घरी खरखरणारा रेडिओ ऐकावा हे त्याच्या थोरल्या भावाला कधी पटलं नाही. थोरला फर्निचरला पॉलिश करतो. एकतीस वर्षांपूर्वी धाकट्यानं तीन वर्षांची साठवण खिशात घातली, तेव्हा थोरला त्याच्याबरोबर दुकानात गेला, कारण धाकट्याला घासाघीस करता येत नाही. बिल होईस्तोवर धाकटा गल्ल्यापाशी, आणि थोरला आत स्पीकर निवडायला, अशी वाटणी झाली. आणले ते स्पीकर म्हणजे टेबलावर ठेवायची खेळणी नव्हेत. जमिनीवर उभे राहणारे, कमरेच्या वर येणारे, खऱ्या लाकडाचा पापुद्रा लावलेले दोन धिप्पाड गडी. दोघा भावांनी ते पाठीवरून दोन मजले चढवले. एक खिडकीपाशी उभा केला, एक कपाटापाशी, आणि तेव्हापासून घरात त्यांचं नाव पडलं खांब.

खांबांच्या जागा पुढे बदलल्या नाहीत. पंधराव्या वर्षी खिडकीपाशच्या खांबाच्या भोंग्याभोवतीची स्पंजची रिंग उन्हानं भुसभुशीत होऊन गळाली, तेव्हा मास्तरनं काच बसवायचा हात वापरून नवी रिंग स्वतः चिकटवली. एकदा दोन्ही खांब तपासायला नेले तेव्हा रिपेअरवाल्यानं ती रिंग पाहून विचारलं, कुठल्या कंपनीत काम करता. कपाटापाशच्या खांबाच्या मधोमध, मोठ्या भोंग्यावर, बोटाएवढा खड्डा आहे. लेक दोन वर्षांची असताना तिनं तो पाडला. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते आणि म्हणते, मला काही आठवत नाही, उगाच माझ्यावर ढकलू नका.

रविवारी सकाळी मास्तर खुर्ची मधे ओढून बसायचा आणि रेकॉर्ड लावायचा. गाणारी बाई कपाटाच्या अंगाला उभी राहून गायची. स्पीकर दोन, पण आवाज असा यायचा की बाई तिथं, कपाटाच्या दारापाशी उभी आहे असंच वाटावं. एकतीस वर्षं ती तिथंच उभी होती. मास्तरला वाटायचं, तिला तिथंच उभं राहायचं असणार.

मग एका मंगळवारी काचेच्या दुकानात मीटरवाले आले.

हे गृहस्थ वीज कंपनीत घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपायचे, आता रिटायर झालेत. हातात चिठ्ठी. काच नको होती त्यांना.

"काचमास्तर तुम्हीच? तुमच्याकडे दोन उभे स्पीकर आहेत. एकावर नंबर एक्केचाळीस, एकावर अठ्ठावन्न. बरोबर?"

"नंबर कोण बघतंय साहेब."

"मी बघतो. जन्म त्यातच गेला. रिपेअरवाल्याच्या वहीत लिहिलेत तुमचे नंबर, मागे तपासायला नेले होते ना तुम्ही, तेव्हाचे. माझ्याकडे त्याच दुकानातले, तेच स्पीकर आहेत. बेचाळीस आणि सत्तावन्न."

मास्तरनं कटर खाली ठेवला. "मग?"

"मग काय? एक्केचाळीस-बेचाळीस ही जोडी. सत्तावन्न-अठ्ठावन्न ही जोडी. तुमच्याकडे दोन अर्ध्या, माझ्याकडे दोन अर्ध्या. पंचेचाळीस नंबरानंतर कंपनीनं वरचा छोटा भोंगा बदलला, म्हणाला रिपेअरवाला. जरा दबका केला. म्हणून माझ्या घरी गाणं नेहमी एकाच बाजूला झुकतं. तुमच्याकडे नाही झुकत?"

 कपाटापाशी उभी असलेली बाई मास्तरच्या डोळ्यांसमोर आली.

घरी जाऊन त्यानं टॉर्च घेतला आणि खांबांच्या मागे पालथा पडून पाहिलं. खिडकीपाशचा अठ्ठावन्न. कपाटापाशचा एक्केचाळीस. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय हरवलं?"

"काही नाही. हे दोघं एकमेकांचे नाहीत."

"कोण म्हणतं?"

"नंबर म्हणतात."

"एकतीस वर्षं एका खोलीत राहिले की होतात एकमेकांचे. आपलं काय वेगळं झालं?" असं म्हणून ती निघून गेली. मास्तरला हसावं की विचार करावा ते कळेना.

आणि विचार करायला बसला तर गुंता भलताच. मीटरवाल्यांचं म्हणणं साधं होतं, एक द्या, एक घ्या, म्हणजे दोघांच्या जोड्या लागतील. पण कुठला एक? एक्केचाळीस ठेवला तर अठ्ठावन्न जाणार, त्याच्या हातची रिंग घेऊन. अठ्ठावन्न ठेवला तर एक्केचाळीस जाणार, लेकीच्या बोटाचा खड्डा घेऊन. मग त्याचा असा कुठला? दोन्ही त्याचे होते मंगळवार सकाळपर्यंत. नाही म्हणायचं तरी तोंड नव्हतं, त्या माणसाचंही घर एकतीस वर्षं एका बाजूला झुकलेलं होतं. दुकानात त्या आठवड्यात त्यानं एक आरसा अर्धा इंच आखूड कापला. मालकानं आधी आरशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चहा मागवला.

रविवारी मीटरवाले टेम्पो करून आपले दोन्ही स्पीकर घेऊन आले. थोरल्यालाही मास्तरनं बोलावून घेतलं होतं. खोलीत चार खांब उभे राहिले आणि बसायला जागाच उरली नाही. बायको म्हणाली, "आता छत पडायची भीती नाही."

मीटरवाल्यांचे खांब काळजीनं वापरलेले होते, पण दोन्हींच्या पुढच्या अंगाला एकेक लांब ओरखडा होता. खोल, जुना.

"हे तेव्हापासूनचे," मीटरवाले म्हणाले. "दुकानात गेलो तेव्हा दोनच उरले होते. दोन्ही ओरखडलेले. म्हटलं, आपल्याला फसवलं दुकानदारानं. परत त्याचं तोंड पाहिलं नाही."

थोरला वाकून ओरखड्यावरून अंगठा फिरवत होता. तो सरळ झाला.

"दुकानदारानं नाही," तो म्हणाला. "चार उभे होते. प्रत्येक जोडीतला एक कुठंतरी घासलेला. मी चारही फडक्यानं पुसून पाहिले, आणि चांगले दोन उचलले."



"दादा, तू जोड्या मोडल्यास?" मास्तरनं विचारलं.

"मला काय माहीत जोड्या असतात ते. मी लाकूड बघतो, लाकूड बघून घेतलं. तुझ्या तीन वर्षांच्या पैशात ओरखडा आणू? परत नेलंस तर परत तेच दोन उचलीन."

"नंबर मागच्या बाजूला होते हो," मीटरवाले म्हणाले.

"मी पुढची बाजू बघत होतो साहेब. लोक पुढूनच बघतात."

मीटरवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली. मास्तरला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, आणि बोललं तर हक्कच होता त्यांना. पण ते त्या चार खांबांकडे बघत म्हणाले, "म्हणजे तो बिचारा दुकानदार तेव्हा सांगत होता ते खरंच होतं. की भारी माल आधीच कुणीतरी निवडून नेला."

"भारी माल होता खरा," थोरला म्हणाला. ते ऐकून मास्तरची बायको स्वयंपाकघरात गेली ती हसू लपवायला, हे सगळ्यांना कळलं.

मग ऐकायला बसले. आधी एक्केचाळीस आणि बेचाळीस जोडले. मास्तर खुर्चीत बसला. बाई गाऊ लागली, आणि ती बरोबर मधे उभी राहिली. भिंतीच्या मधोमध, जिथं काहीच नव्हतं, नुसता चुना. एक खिळा होता, त्यावरही काही टांगलेलं नव्हतं. तिथून ती गात होती, स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"कसं?" मीटरवाल्यांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते.

मास्तरनं मान वळवून कपाटाकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"मधे आली," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलं ना?"

"मधे आली खरी."

मग सत्तावन्न आणि अठ्ठावन्न. त्यावरही बाई मधेच, फक्त जरा शाल पांघरून गायल्यासारखी. म्हणजे दोन्ही जोड्या बरोबर होत्या. एकतीस वर्षं जे ऐकलं तेच काय ते चूक होतं. आणि ज्याच्या कानाची बाजारात शपथ घ्यावी त्या माणसाला ते कळलं नव्हतं. की कळलं होतं आणि आवडलं होतं? काच असती तर त्यानं सांगितलं असतं. काचेला चूक आवडत नाही, ती फुटते. हे तर एकतीस वर्षं फुटलं नाही.

"अहो, बोला काहीतरी," बायको म्हणाली. "टेम्पोवाला खाली थांबलाय."

"कुठला ठेवू सांगा," मास्तर म्हणाला.

"मी कशी सांगू? मी नुसती धूळ पुसते."

"धूळ कुठल्यावर जास्त बसते?"

तिनं कपाळाला हात लावला. "खिडकीपाशच्या. पण म्हणून काय त्याला घराबाहेर काढायचं?"

थोरल्यानं मधेच तोंड घातलं. "असं कर. यांच्या दोघांवरचे ओरखडे मी काढतो. असे काढतो की कंपनीच्या माणसाला भिंग लावून सापडणार नाहीत. म्हणजे तू कुठलाही घे, चारही सारखेच."

"दादा, चारही सारखे झाले तर मी निवडू कशावरून?"

थोरला परत ओरखड्यावरून अंगठा फिरवू लागला.

मीटरवाले हळूच म्हणाले, "मास्तर, नकोच असेल तर नको. मी आहे तसा नेतो. नुसतं एकदा सरळ ऐकायचं होतं, ते झालं."

हे ऐकलं आणि मास्तर उठला. तो खिडकीपाशच्या खांबाजवळ गेला, जाळी काढली, आणि स्वतः चिकटवलेल्या रिंगवरून बोट फिरवलं. मग मीटरवाल्यांच्या सत्तावन्न नंबराची जाळी काढली. तिथली रिंग काठाला भुसभुशीत झाली होती.

"ही वर्षभरात जाणार," तो म्हणाला. "रिपेअरवाल्याकडे मिळणार नाही आता. मला करावी लागेल. अठ्ठावन्न न्या तुम्ही. त्याची मी केलीय, सत्तावन्नची पुढच्या महिन्यात येऊन करून देतो. दोन्हीत एकाच हाताचं काम असलेलं बरं, नाहीतर परत झुकेल. बेचाळीस मला ठेवा."

"नक्की?" मीटरवाल्यांनी विचारलं.

"नक्की कुठलं साहेब. न्या तुम्ही."

अठ्ठावन्न खाली न्यायला थोरल्यानं कुणाला हात लावू दिला नाही. साठी उलटलेला माणूस, पण एकट्यानं पाठीवर घेतला आणि दोन मजले उतरला, मधे एकदाही न टेकता. टेम्पोत ठेवताना खाली आपला सदरा काढून घातला, आणि मीटरवाल्यांना सांगितलं, पॉलिशला मी घरी येतो, माझं सामान मी आणतो, तुम्ही फक्त बसून बघायचं. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. पण पुढच्या दोन रविवारी तो त्यांच्याकडे गेला, आणि सत्तावन्नवर आता ओरखडा शोधायला जावं तर हात घसरतो. बेचाळीसचं पॉलिशही नंतर तसंच झालं.

त्या दिवशी दुपारी सगळे गेल्यावर मास्तर चहा घेऊन बसला. बेचाळीस आता खिडकीपाशी उभा होता. बाई मधे गात होती आणि तो तिच्याकडे बघायचं तर कुठं बघायचं ते शोधत होता. बायकोनं विचारलं, लागलं का बरं? तो म्हणाला, समजत नाही. मग परत आणायचा का? तो म्हणाला, तेही समजत नाही.

फोन वाजला, तसा मास्तरनं हातातला कप बेचाळीसवर टेकवून फोन घेतला. मीटरवाले.

"लावला?" मास्तरनं विचारलं.

"लावला. मधे आली."

"मग छान."

"छान आहे," मीटरवाले म्हणाले. "मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही मान तिरकी करून का बसलाय? माझी मान अजून जुन्या बाजूला वळते हो. आणि हा तुमचा अठ्ठावन्न, त्याच्याकडे बघितलं की वाटतं घरात पाहुणा उभा आहे आणि कुणी त्याला बस म्हटलं नाही."

"ऊन येतं का तिथं?"

"दुपारी येतं थोडं."

"मग पडदा ओढत जा दोनच्या आत. रिंग उन्हाला भिते त्याची. आणि आवाज एकदम चढवू नका, आधी पाच मिनिटं हळू ठेवा. त्याला सवय आहे तशी."

"लिहून घेतो," मीटरवाले म्हणाले, आणि खरंच कागदाचा आवाज आला. "दोनच्या आत पडदा. पाच मिनिटं हळू. बरं, माझ्या बेचाळीसचंही सांगायचं राहिलं. मागे माझ्या हातून त्याच्यावर चहा सांडलाय, आतपर्यंत गेला होता. तेव्हापासून मी त्याच्यावर कप ठेवत नाही."

मास्तरनं बेचाळीसवरचा कप उचलला. फोन एका हातात, कप दुसऱ्या हातात, असा तो खोलीच्या मधे उभा राहिला. कप आता कुठं ठेवायचा ते त्याला कळेना.