पडद्यावर चढलेली रेघ

सांगली सोडली त्या दिवशी आई विमानतळावर आली नाही. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, “तिकडून काही आणू-बिणू नकोस. रोज एकदा आवाज ऐकव, तेवढ्यावर मी जगेन.” मी हसले. निघालेल्या सगळ्यांच्याच आया असं म्हणतात, तुमच्याही म्हणाल्या असतील.

आवाज हाच माझा धंदा. आखातातल्या अल कुसैसच्या एका क्लिनिकमध्ये मी नऊ वर्षं स्पीच थेरपिस्ट आहे. फाइल इंग्रजीत, पेशंटशी हिंदी, निरोपाला अरबी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’. माझा मुलगा आजीला फोनवर ‘आय ॲम फाइन’ सांगतो. बोलायला शिकवणारीच्या घरात ही तऱ्हा, दिव्याखाली अंधार!

माझी पेशंट चिओमा नायजेरियाची, शाळेच्या बसमध्ये मुलांना सांभाळायची. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज सपाट झाला होता. इंग्रजीत ते खपून जायचं. पण तिची इग्बो भाषा सुरावर चालते. तीच अक्षरं उंच म्हटली की एक अर्थ, खाली म्हटली की दुसरा. “मॅडम, गावी माझ्या आईला दिसत नाही,” ती म्हणाली. “तिच्यासाठी मी म्हणजे फक्त आवाज. तो नीट झाल्याशिवाय फोन करणार नाही.”

सरावासाठी मी तिच्याकडून वीस शब्द निवडून घेतले, मला उच्चारायला सोपे तेवढेच. दीड महिन्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ वर-खाली होऊ लागली. मी खुशीत म्हणाले, “खलास! सूर आला. आजच आईला फोन कर.” ती रडली, मीही रडले.

पुढच्या आठवड्यात ती आली, पण खुर्चीत बसलीच नाही. आईनं तिला तीनदा विचारलं होतं, “तू कोण? माझ्या चिओमाला फोन दे.” मग म्हातारीनं टाहो फोडला. मुलगी गेली आणि हे लोक दुसरीच बाई बोलायला लावून लपवताहेत, अशी तिची खात्रीच झाली. तेव्हापासून तिनं अन्न सोडलं होतं.

मी यादी पुन्हा काढली आणि एकेक शब्द तपासला. वरच्या सुराचे सगळे शब्द ‘ई’ आणि ‘ऊ’चे होते, खालच्या सुराचे ‘आ’चे. ‘ई’, ‘ऊ’ म्हणताना जीभ वर ओढली जाते आणि आवाजही जरासा चढतो, कुणाचाही. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. रेघ अक्षरांमुळे चढली होती, चिओमामुळे नव्हे. मग मी तिच्याकडून नुसता ‘आ’ उंच आणि खाली म्हणवून घेतला. रेघ हलली नाही.

मी माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, “तुम्हाला माझी भाषा येत नाही हे मला माहीत होतं. मशीनला येते असं वाटलं.”

तिच्या गळ्याची नस आता सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती फोन करते, पण आधी भाऊ आईचा हात धरून शपथ घेतो की ही चिओमाच आहे. आई ऐकून घेते. विश्वास ठेवत नाही.

मी सांगलीला फोन लावते तेव्हा नाव सांगत नाही. नुसतं ‘आई’ म्हणते आणि श्वास रोखून थांबते. पलीकडून ‘बोल गं’ आलं की माझं घर अजून आहे. हल्ली ते यायला जरा वेळ लागतो.