चालतंय, पण का?

इनामदार मॅडमची आणि माझी पहिली भेट नगरच्या बसस्थानकावर झाली. पाथर्डीकडे जाणारी एसटी लागली होती. मी महाविद्यालयात रुजू व्हायला निघालो होतो आणि ही गाडी तिथल्या फाट्यावर थांबते की नाही, हे मला माहीत नव्हते. शेजारी एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीतून वायरींचे भेंडोळे बाहेर डोकावत होते. मी त्यांनाच विचारले.

"थांबते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहून, "नवीन का? काय शिकवणार?"

"संवादकौशल्य. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना."

"मग त्यांना आधी 'माहीत नाही' म्हणायला शिकवा. फार अवघड जातं त्यांना."

तो विनोद होता की सूचना, हे मला कळले नाही. मॅडमच्या सहवासात मी गोंधळलो, तो तेव्हा पहिल्यांदा. त्यात अजून खंड पडलेला नाही.

नसीम इनामदार मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे संपादकांनी कळवले, तेव्हा माझे नाव चुकून तर आले नाही ना, असे मी विचारले. बाकीचे लेखक मॅडमच्या विषयातले आहेत. मी साहित्य शिकलेला माणूस. स्टाफरूममध्ये इतकी वर्षे त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसूनही त्या नेमके काय शिकवतात, हे मला सांगता येणार नाही. संपादक म्हणाले, "तुम्हाला जे कळलं नाही, ते लिहा." म्हणून लिहितो आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मॅडम प्रोग्राम लिहायला शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीचे काही तास संगणक बंद असतात. मुलांनी प्रोग्राम कागदावर लिहायचा आणि आपणच यंत्र आहोत असे धरून एकेक ओळ करत जायचे, अशी त्यांची पद्धत आहे. एकदा मी खडू मागायला गेलो, तर एक मुलगा टेबलाभोवती गोल फिरत होता आणि बाकीचे तोंड दाबून हसत होते.

"मॅडम, पाय दुखायला लागले," तो म्हणाला.

"यंत्राला पाय नसतात. चाल."

"पण कुठपर्यंत?"

"ते तू लिहायचं होतंस. लिहिलं नाहीस ना थांबायचं कधी?"

तास संपल्याची घंटा झाली तेव्हाच तो थांबला. ही शिक्षा होती का शिकवणे, असे मी नंतर विचारले. मॅडमना प्रश्नच समजला नाही. त्या म्हणाल्या, "शिक्षा कशाची? त्याचा प्रोग्राम तसा होता."

माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मॅडमनी आपणहून माझे तास घेतले. रोज दुपारी फोन करून त्या आधी डोळ्याची चौकशी करत आणि मग आज काय शिकवले ते सांगत. एके दिवशी त्यांनी रजेचा अर्ज शिकवला. मी परतलो त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतले. त्यांच्यासमोर एका मुलाचा अर्ज होता. त्यात त्याचे नाव, वर्ग, दोन तारखा आणि 'बहिणीचे लग्न' एवढेच होते. नमस्कार नव्हता, विनंती नव्हती, आज्ञाधारकही नव्हता.

"हे तुमचं संवादकौशल्य का?" प्राचार्य म्हणाले.

मॅडमना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी सांगितलं, एकेक शब्द काढून बघा. काढून अर्ज अडला तर परत घाला."

"रजा मिळाली नाही त्याला."

"मग विनंती घालायला पाहिजे," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "ती काम करते म्हणायची."

त्या माझी चेष्टा करत होत्या असे मला वाटले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला बोलावून विनंती घालायला लावली, आणि स्वतः प्राचार्यांकडे जाऊन त्याची रजा मंजूर करून आणली.

आता रूपालीची हकीकत सांगतो. मॅडमचे विद्यार्थी ती अनेक तऱ्हांनी सांगतात. मी तिथे होतो, त्यामुळे मला ती सर्वांत कमी कळली आहे.

रूपाली पाथर्डी तालुक्यातली. तिचे वडील पाथर्डी ते नगर प्रवासी जीप चालवतात. शेवटच्या वर्षी तिच्या गटाने घोडेगावच्या जनावरांच्या बाजारासाठी एक यंत्र केले. फाटकातून किती जनावरे आत आली ते मोजणारे. खोके आणि जोडण्या इतरांनी केल्या, प्रोग्राम रूपालीचा होता. यंत्र उत्तम चालत होते. मी स्वतः प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्याच्यासमोरून हात नेला, आणि आकडा बरोबर एकाने वाढला. पुण्यातल्या एका कंपनीने रूपालीला नोकरीला घेतले होते. परीक्षा पास झाली की रुजू व्हायचे होते. प्रोजेक्टवर मार्गदर्शकाची सही झाल्याशिवाय तोंडी परीक्षेला बसता येत नाही, आणि मार्गदर्शक मॅडम होत्या.

मॅडमनी प्रोग्राम वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीने पडद्यावर 'बघतेय' एवढा शब्द उमटत असे.

"ही कशाला?"

"ते माझ्यापुरतं होतं मॅडम. प्रोग्राम चालू आहे की नाही ते कळावं म्हणून."

"मग आता काढ."

रूपालीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "काढली की आकडा चुकतो."

"का?"

"माहीत नाही. काढली की चुकतो, घातली की बरोबर येतो. म्हणून ठेवली."

मॅडमनी पेनाला टोपण लावले. "का ते कळलं की ये. मग सही करते."

त्या दिवशी चहाला मी रूपालीची बाजू घेतली. मला ती ओळ आवडली होती. काहीही न करणारी, पण काढली तर सगळे कोसळते अशी ओळ कवितेत असते, मी म्हणालो, आणि तिथे तिला कोणी कारण विचारत नाही.

"कवितेनं जनावरं मोजत नाहीत सर," मॅडम म्हणाल्या.

"पण ती ओळ का लागते, ते तुम्हाला माहीत असेलच."

"नाही."

"मग तुम्हालाच माहीत नसताना तिला कसं अडवता?"

"मला माहीत असतं तर सांगून टाकलं असतं," त्या म्हणाल्या आणि बशीतली बिस्किटे माझ्याकडे सरकवली. त्यांना खरोखर माहीत नव्हते, असे माझ्या ओळखीचा एकही संगणकवाला मानत नाही. मी मानतो. पण खात्री नाही.

चार दिवसांनी रूपालीचे वडील आले. जीप फाटकाबाहेर उभी करून ते थेट स्टाफरूममध्ये शिरले. मागून रूपाली आली, मान खाली घालून.

"मॅडम, पोरीचं काय चुकलं त्ये तरी सांगा."

"काही चुकलं नाही. बसा. तिचं यंत्र चालतंय."

"चालतंय म्हून सही न्हाई? आमच्याकडं बंद पडल्यावर बोलनी बसत्यात."

"ते का चालतंय, हे तिला सांगता येत नाही."

"आवो, माझी जीप रोज नगरला येती. का चालती ते मला तरी कुटं ठावं हाय? मानसं बसत्यात, मी आनतो."

"आणि बंद पडली तर?"

"रज्जाककडं न्हेतो. ग्यारेजवाला हाय आमचा."

"रज्जाकनं सांगितलं की मलाही माहीत नाही, चालते तोवर चालवा, तर?"

"त्याला कसं म्हाईत नसंल? त्याचा धंदाच हाय त्यो."

"रूपालीचाही तोच धंदा आहे."

वडिलांनी लेकीकडे पाहिले. "व्हय गं? ग्यारेजच का ह्ये?"

"तसंच म्हणा, आबा."

"मंग येवढी वर्सं कशापायी शिकली? रज्जाक तर शाळंत बी गेला न्हाई." मी हसलो. ते हसले नाहीत. "मॅडम, नोकरी ग्येली तर पुना न्हाई मिळायची हिला. आमच्या भावकीत पयली हाय ही. तुमीच नाव काढाया लावलं आन् तुमीच अडावता."

मॅडमचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पाहिला. त्या म्हणाल्या, "मला कळतंय ते." पण सही केली नाही. वडील माझ्याकडे वळले. "तुमी तरी सांगा सर." मला मॅडमचे बरोबर असेल असे वाटत होते, आणि रूपालीची नोकरी जाईल असेही वाटत होते. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, ते मला समजेना.

ते गेल्यावर मॅडम रूपालीला म्हणाल्या, "माझ्यासमोर बोलतेस तेव्हा पुस्तकातलं बोलतेस. उद्यापासून सरांना सांग. सरांना कळलं की मी सही करते."

"सरांना?" रूपालीने माझ्याकडे असे पाहिले, की मी खुर्चीत सरळ बसलो.

"त्यांना काहीच येत नाही. म्हणून."

अशा रीतीने एका मुलीची नोकरी माझ्या समजशक्तीवर येऊन ठेपली. मॅडम शेजारीच पेपर तपासत बसायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. रूपालीने पहिल्या दिवशी मला सेन्सर म्हणजे काय ते सांगितले. तो आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. आवाज जनावरावर आपटून परत येतो. तो केव्हा परत आला, यावरून समोर काही आहे की नाही ते यंत्राला कळते. एवढे मला कळले. पण त्या ओळीचे काय, असे विचारल्यावर ती प्रोग्राम वाचू लागली आणि मी हरवलो.

"कळलं ना सर?"

"नाही."

"सर, हो म्हणा ना," ती हळूच म्हणाली. "त्या ऐकत नाहीयेत."

"इथपर्यंत ऐकू येतंय," मॅडम पेपरातूनच म्हणाल्या.

हो म्हणणे सोपे होते. मी म्हटले नाही, कारण मॅडमनी लगेच 'मग मला सांगा' म्हटले असते. दुसऱ्या दिवशीही मी नाही म्हणालो. रूपाली वही आपटून निघून गेली. घरी जाताना वाटले की आपण जरा हुशार असतो तर बरे झाले असते.

तिसऱ्या दिवशी ती आली ती रात्रभर न झोपल्यासारखी, पण खुर्चीवर बसायच्या आधीच बोलू लागली. "सर, राग येऊ देऊ नका. तुम्ही वर्गात प्रश्न विचारता, हो ना? आणि उत्तर यायच्या आत लगेच दुसरा विचारता."

"असं करतो मी?"

"सगळ्या वर्गाला माहीत आहे सर. मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं की ते तुम्ही दुसऱ्याचं समजता आणि चूक म्हणता. माझा प्रोग्राम तेच करत होता. पहिला आवाज परत यायच्या आत दुसरा सोडत होता, आणि पहिला परत आला की तो दुसऱ्याचाच समजत होता. पडद्यावर शब्द उमटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात पहिला आवाज घरी परत येत होता. ती ओळ काही करत नव्हती सर. फक्त तिच्यामुळे प्रोग्राम थांबत होता."

मॅडमनी पेपर बाजूला ठेवला. "कळलं का सर?"

"कळलं," मी म्हणालो. खरेच कळले होते. संगणकातले मला पहिल्यांदाच काही कळले होते, आणि ते माझ्याविषयी निघाले.

रूपालीने ती ओळ काढली आणि तिच्या जागी नीट थांबायचे लिहिले. आकडा बरोबर आला. मॅडमनी सही केली. रूपाली पास झाली आणि पुण्याला रुजू झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले तेव्हा मॅडमना म्हणाले, "रज्जाकला इचारलं मी. तुमचं बराबर हाय म्हनला."

गौरवलेख इथे संपायला हवा. पण परवाची गोष्ट राहिली आहे.

रूपालीचा मॅडमना फोन आला. तिच्या कंपनीत एक प्रोग्राम गिऱ्हाइकाला द्यायचा होता. तो चालत होता. का चालतो ते कोणालाच सांगता येत नव्हते. रूपालीने अडवून धरले. वरच्या साहेबांनी तिला त्या कामावरून काढले, आणि पुन्हा असे झाले तर नोकरीचा विचार करावा लागेल असे सुनावले. "मॅडम, माझं चुकलं का?" असे तिने विचारले. मॅडमनी तिला काय सांगितले ते मला माहीत नाही. फोन ठेवून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "सर, मी तिला चुकीचं शिकवलं का?"

इतक्या वर्षांत मॅडमनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. मी लगेच दुसरे काही बोलणार होतो. बोललो नाही. थांबलो. पण उत्तर आले नाही, आणि हे लिहीपर्यंत आलेले नाही. मॅडमचे चुकले असे मला म्हणवत नाही. चुकले नाही म्हणावे, तर रूपालीला फोन करून तसे सांगण्याचा धीर होत नाही.

मॅडम आता निवृत्त होतील. त्यांची प्रकृती उत्तम राहो, दृष्टी आणि चाल अशीच शाबूत राहो आणि त्यांना पुष्कळ आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे. त्यांना उत्तर देणे माझ्याकडे बाकी आहे आणि मला वेळ लागतो, हे त्यांनीच सर्वांसमोर सिद्ध केले आहे. तोवर त्यांनी वाट पाहावी, एवढीच विनंती.