रूथला मी सांगितलेले बाबा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट माहीत नाही.

कामणच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. भातशेती, थोडी केळी. शिकायला इंग्लंडला गेले तेव्हा कित्येक आठवडे माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. मग एका संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात रूथनं विचारलं, "तुमच्याकडे मुलींना शिकू देतात घरचे?" रूथ माझ्याच वर्गातली. मनानं चांगली. उत्तर तिनं आधीच गृहीत धरलेलं होतं — पण माझ्यासाठी तिनं शेजारची खुर्चीही ओढली होती.

खरं काय होतं? बारावीला मला विरारला क्लास होता. परतीची एसटी मिळायची नाही, म्हणून बाबा रोज स्कूटरवर न्यायचे आणि क्लास सुटेपर्यंत खाली वडापावच्या गाडीशी उभे राहायचे. दिवसभर शेतात राबलेला माणूस. काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं, तर बाबांनी त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. भाऊ-भाऊ पुढे बोलेनासे झाले — माझ्यापायी.

आणि मी रूथला म्हटलं, "नाही देत. वडिलांनी माझं लग्न ठरवलं होतं. मी भांडून निघाले."

इतकं सहज कसं आलं ते तोंडात? तिचे डोळे भरले. तिनं मला मिठी मारली. त्यानंतर मी तिथे कधी एकटी जेवले नाही. जो भेटेल तो ती गोष्ट विचारायचा आणि मी — मी ती वाढवत गेले. बाहेरून कडी घालणारे बाबा. पुस्तकं बंबात घालणारे बाबा. ज्या माणसानं घरात कधी आवाज चढवला नाही, तो.

पदवीदानाला बाबा आले. नवा शर्ट, हातात रूथसाठी सुकेळ्यांचा पुडा — आमच्याकडची वाळवलेली केळी. त्यांनी तो पुढे केला. रूथनं घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत बघत ती शांतपणे म्हणाली, "तुमची मुलगी इथवर आली ती तुम्ही आडवे आलात तरी. हे कुणीतरी तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं."

बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते हसतच माझ्याकडे वळले.

"काय बोलली ती, बाय?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? दोघंही समोर होती.

"बोलली, तुमच्यामुळं मी इथवर आले."

बाबांनी पुडा काखेत धरला आणि तिच्यापुढे हात जोडले. "तिला सांग, मी कोन? पोर हुशार हाय." त्यांना रडू आवरेना. रूथला वाटलं, ते माफी मागतायत. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली — केलं माफ.



गावी बाबा ते वाक्य सगळ्यांना सांगत राहिले. बाजारात, लग्नांत, दवाखान्याच्या बाकावर. गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला आलेल्या बायका मला तेच सांगत होत्या — तुझी मैत्रीण त्याला काय बोलली, ते तो विसरलाच नाही बघ.

त्याच दुपारी रूथचा मेसेज आला. अशा वडिलांसाठी रडावं की नाही हेही तुला कळत नसेल, तिनं लिहिलं होतं. पण त्या दिवशी त्यांना पश्चात्ताप झाला होता, तो मी पाहिलाय.

मी "थँक यू" लिहिलं. पाठवलं.